यादीत नसलेला ऊस

माझ्या पहिल्याच कामात मी एका चादरीच्या अठरा चादरी केल्या, आणि दुकानाचा मालक खूश झाला.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. अजूनही तिथंच आहे. खाली दिवसभर रिक्षांचे हॉर्न आणि 'या ताई, बघून तर जावा' असा पुकारा, आणि वर आम्ही चौघं वेबसाइट बनवत बसलेलो. शेजारच्या गल्लीत शिवलिंगप्पा अण्णांचं चादरी-टॉवेलांचं दुकान होतं. अण्णा घरी कन्नड बोलायचे, दुकानात मराठी, आणि घाई झाली की दोन्ही. त्यांना चादरी इंटरनेटवर दाखवायच्या होत्या. मी पान बनवलं, अण्णांना बोलावलं आणि मोठ्या ऐटीत उघडून दाखवलं. पानावर चौकड्याची एकच चादर वरपासून खालपर्यंत अठरा वेळा आली होती. माझे कान तापले. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ वाकून मोजायला लागले.

"मॅडम, एवढ्या चादरी आमच्या गोडाऊनला पण नाहीत की."

"चुकलंय अण्णा, आत्ता काढते."

"बेड, बेड," अण्णा घाईघाईनं म्हणाले. नको म्हणायचं झालं की ते कन्नडवर जात. "काढू नका हो. ऱ्हाऊ द्या तसंच. दुकान किती मोठं दिसायलंय, बघा की."

चादर एकच होती. तिचे रंग सहा होते आणि मापं तीन. मी डेटाबेसला विचारलं होतं, 'ही चादर, तिचे रंग आणि तिची मापं दे.' त्यानं प्रत्येक रंगाला प्रत्येक माप जोडून अठरा ओळी माझ्यापुढं टाकल्या. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या ओळी आवरून एक चादर, तिच्याखाली सहा रंग आणि त्यांच्याखाली तीन मापं अशी मांडणी करायचं काम माझं होतं, आणि ते मी केलंच नव्हतं.

हेच काम मी पुढं आयुष्यभर केलं. लोकांना वाटतं वेबसाइट बनवणं म्हणजे रंग आणि चित्रं. ती आमच्या ऑफिसात दुसरी माणसं करतात. मी मधल्या जागेत काम करते. तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता, तेव्हा दूरच्या एका सर्व्हरवर माझा कोड जागा होतो, डेटाबेसला प्रश्न विचारतो, आणि उत्तर ओळींच्या ढिगात येतं. आठवडी बाजाराची पिशवी स्वयंपाकघरात पालथी करावी तसा तो ढीग असतो. मिरच्यांत लसूण, लसणात कोथिंबीर, एक वांगं पार कोपऱ्यात गेलेलं. ते निवडून, ज्याचं त्याच्या डब्यात घालून मी पुढं पाठवते, तेव्हा तुम्हाला नीटनेटकं पान दिसतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. म्हणूनच मधे कुणीतरी निवडत बसलंय याचा कुणाला पत्ता नसतो.

मला हे काम अजूनही वेड लावतं. वयाची पन्नाशी उलटली, गुडघे जिना चढताना कुरकुरतात, पण दहा हजार ओळींचा ढीग समोर आला आणि आठ-दहा ओळींच्या कोडमधून तो आपसूक गावागावांत, नावानावांत वाटला गेला, की मी खुर्चीत बसल्या बसल्या टेबलावर थाप मारते. ऑफिसातल्या नव्या मुली दचकतात. जुन्यांना सवय झाली आहे.

पण चादरीच्या त्या प्रसंगानं मला एक खोड लावली. एकच वस्तू दोनदा दिसण्याची मला धास्ती बसली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी प्रत्येक यादी जुळ्या ओळींसाठी फुंकत राहिले. त्या फुंकरीतच एका बाईचा उभा ऊस उडून गेला. मला खरं तर तेच सांगायचं आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं काम आमच्याकडं आलं. नाव सांगत नाही, कारण जी चूक झाली ती त्यांची नव्हती. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेतकरी उसाची लागण करतो तेव्हा कारखान्याकडं नोंद करतो. हंगाम सुरू झाला की लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी लागते. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. हे झालं कागदावर. पाळीची यादी असायची गावोगावच्या चिटबॉयच्या पिशवीत. चिटबॉय म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. तो पन्नाशीचा, नातवंडांचा आजोबा असला तरी त्याला चिटबॉयच म्हणतात. ती पिशवी कुणाच्या ओट्यावर आधी उघडायची आणि कुणाच्या नंतर, हे गावाला माहीत असायचं. ज्याचा वशिला त्याचा ऊस कोवळा असतानाही तुटायचा, आणि बाकीचे आपला ऊस वाळताना बघत बसायचे.

नव्या अध्यक्षांनी ठरवलं की यादी सगळ्यांच्या मोबाइलवर दिसली पाहिजे. कुणीही उघडावी आणि कुणाचाही नंबर बघावा. आणि हुकूम काढला की वेबसाइटवरच्या यादीत ज्याची पाळी दिसेल त्याचाच ऊस तुटेल, बाकी कुणाचं काही ऐकायचं नाही.

बैठकीला मी गेले तेव्हा शेतकी अधिकारी जगताप साहेब मला उसाच्या जाती समजावून सांगायला लागले. मी त्यांना मधेच थांबवलं. "साहेब, मी केमची आहे. आमच्या गावाला लोक कुंकवासाठी ओळखतात, पण माझ्या बापाच्या रानात ऊसच होता. मला ऊस शिकवू नका, डेटा द्या." हे वाक्य आठवलं की अजून ओशाळायला होतं.

डेटा आला आणि मी हरखून गेले. हजारो नोंदी होत्या. शेतकरी, गाव, गट नंबर, लागणीची तारीख, सगळं जागच्या जागी. गट नंबर म्हणजे सातबाऱ्यावर जमिनीच्या तुकड्याला असतो तो क्रमांक. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाखाली त्याचे गट आणि प्रत्येक गटासमोर पाळीचा नंबर, असं पान करायचं होतं. अडचण एकच होती, फोनची. पाळी जवळ आली की शेतकऱ्याला मेसेज जायचा, आणि निम्म्या लोकांनी दोन-दोन नंबर दिले होते, एक स्वतःचा आणि एक पुण्यातल्या पोराचा. त्यामुळं डेटाबेसकडून एकेक नोंद दोनदा येत होती. अण्णांची चादर पुन्हा माझ्यापुढं उभी राहिली.

मी एक युक्ती केली. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचा एक डबा केला आणि डब्यात त्याच्या प्रत्येक गटाचा एक खण. खणावर गट नंबरची चिठ्ठी. एक ओळ आली की तिच्या खणात जाऊन बसते. त्याच गटाची दुसरी ओळ आली तर ती पहिलीला उठवून तिथंच बसते. फोनमुळं जुळी झालेली ओळ पहिलीसारखीच असणार, मग कुठली उठली आणि कुठली बसली याचं कुणाला काय? एका ओळीच्या कोडमध्ये सगळी जुळी नाहीशी झाली. मी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप सांडला. मग त्या हंगामात मी तीच युक्ती गावांच्या यादीला लावली, ऊसतोड टोळ्यांच्या यादीला लावली, वाहनांच्या यादीला लावली. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. मी खाल्ला.

यादी खुली झाली त्या दिवशी मी मुद्दाम एका गावात गेले. पारावर वीस-पंचवीस माणसं मोबाइलवर अंगठे फिरवत होती. एकजण स्वतःचा नंबर बघायच्या आधी भावकीचा नंबर बघत होता. दुसरा मोठ्यानं वाचत होता, "आमच्या चुलत्याचा माझ्या खाली हाय. पयल्यांदा माझ्या खाली हाय." त्याच्या आवाजात जो आनंद होता तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी लिहिलेल्या कोडमुळं एक माणूस आपल्या चुलत्यापुढं ताठ उभा राहिला होता. घरी परतताना एस.टी.त मी एकटीच हसत होते.

त्यानंतर महिन्याभरात जगताप साहेबांचा फोन आला.

"मॅडम, एक बाई रोज आमच्या शेतकी ऑफिसात येऊन बसतात. सोजरबाई म्हणून आहेत. म्हणतात, माझा आडसाली यादीत नाही."

आडसाली म्हणजे ऐन पावसाळ्यात लावलेला, सोळा-सतरा महिने रानात राहणारा ऊस. त्याची तोड सगळ्यांच्या आधी यायला हवी. मी तिथल्या तिथं डेटाबेस उघडला आणि सोजरबाईंचं नाव टाकलं. दोन नोंदी दिसल्या, एक आडसालीची आणि एक खोडव्याची. खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला.

"आहे की साहेब," मी म्हणाले. "दोन्ही नोंदी आहेत. सिस्टीम बरोबर आहे. त्यांना नीट बघायला सांगा."

दहा दिवसांनी पुन्हा फोन आला आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. या वेळी थोडं चिडून दिलं. जगताप साहेब शब्द मानणारे होते. त्यांनी त्या बाईला सांगितलं, "मॅडम म्हणतात यादी बरोबर आहे." चिटबॉयनं सांगितलं, "यादीत तुमचा एकच नंबर आहे, तो माघात येतो. त्याच्या आधी टोळी येणार नाही." यादी खरी असावी म्हणून काढलेला हुकूम त्या बाईच्या वाटेत आडवा पडला, आणि त्याच्यामागं माझा शब्द उभा होता.

संक्रांतीचा आठवडा होता. गड्ड्याच्या यात्रेमुळं शहरात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी अकराच्या सुमारास जिन्यावर काहीतरी भिंतीला घासत आल्याचा आवाज आला. दारात आधी एक तुरा आला, पांढुरका, झाडूसारखा, तोड लांबलेल्या उसाला येतो तसा. त्याच्यामागून दहा-बारा फुटांचा ऊस आला, आणि त्याच्यामागून साठीची एक बाई, कपाळावर घाम, पदर खोचलेला. ऊस दारातून सरळ येईना, तर तिनं तो तिरका केला आणि तुरा पंख्याला लागू नये म्हणून खाली दाबला.

"यादीवाल्या मॅडम कोण?" तिनं विचारलं.

"मी."

तिनं ऊस माझ्या टेबलावर आडवा ठेवला. एक टोक कीबोर्डवर आणि एक टोक दाराबाहेर.

"मी सोजरबाई. ह्यो ऊस तुमच्या यादीत न्हाय. माझ्या रानात हाय."

ऑफिसात सगळ्यांचे हात थांबले. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "इत्तं येस्तवर तिघांनी इचारलं, मावशी, कांडं कसं दिलं? सुगडात घालायला. म्हणलं, इकायचा न्हाय बाबा, दाखवायचा हाय."

"मावशी, तुमची नोंद आहे. मी स्वतः बघितली आहे."

"कुटं बघितली?"

"आमच्या डेटाबेसमध्ये."

"त्ये आमाला दिसतं का?"

तिनं पदराच्या गाठीतून नव्हे, ब्लाउजमधून मोबाइल काढला, यादी उघडली आणि पडदा माझ्याकडं फिरवला. तिच्या नावाखाली एकच गट, एकच पाळी, माघातली. मी तो पडदा बघितला, मग माझा पडदा बघितला. इकडं दोन नोंदी, तिकडं एक. दोन्हींच्या मधे फक्त माझा कोड होता. एक महिना मी कोठार तपासत होते आणि ही बाई ताट दाखवत होती.

"मावशी, तुमचे गट किती?"

"एकच."

"मग आडसाली कुठल्या गटात आणि खोडवा कुठल्या?"

"एकाच की. वरल्या अंगाला आडसाली, खालच्या अंगाला खोडवा. ईर वर हाय, पाणी वरच्याला आदी भेटतं." तिनं माझ्याकडं जरा रोखून बघितलं. "कुटली गं तू, पोरी?"

"केमची."

"मग केमात गटाला एकच पीक असतंय व्हय?"

माझ्या डोळ्यापुढं आमचं रान आलं. विहिरीच्या वरच्या अंगाला आडसाली, खाली खोडवा, आणि मधे बैल वळवण्यापुरती वाट. मी लहानपणी त्याच वाटेनं वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन येत होते. माझा बाप एकाच गटात दोन ऊस घेत होता, गावात सगळेच घेत होते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी खुर्चीत बसल्यावर मी एका गटाला एकच खण केला होता.

लागणीच्या तारखेप्रमाणे ओळी येत होत्या. आडसाली आधी यायचा आणि खणात बसायचा. मग त्याच गटाचा खोडवा यायचा आणि त्याला उठवून बसायचा. एकाच सीटचं आरक्षण दोघांना मिळावं आणि कंडक्टरनं पहिल्याला मुकाट्यानं मागच्या स्टॉपवर उतरवावं, तसं झालं होतं. कुठं चूक झाल्याचा मेसेज नाही, लाल अक्षर नाही. आणि मोजणीतही कळलं नाही, कारण जुळ्या ओळी काढल्यावर संख्या कमी होणारच होती. कमी झाली म्हणून मी खूश होते.

मी खणावरची चिठ्ठी बदलली. गट नंबर खोडला आणि नोंदीचा नंबर लिहिला. प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा नंबर असतो, तो दुसऱ्या कुणाचा नसतो. कोडमध्ये एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द, एवढंच. सोजरबाईंच्याच मोबाइलवर पान पुन्हा उघडलं. तिच्या नावाखाली दोन पाळ्या आल्या, आणि पहिली पाळी केव्हाच होऊन गेलेली होती.

"आली?" तिनं विचारलं.

"आली मावशी. पण पाळी होऊन गेली."

"त्ये मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुरा आलाय नव्हं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला एकाच वेळी लाजही वाटत होती आणि हात शिवशिवतही होते. आमच्या धंद्यात चूक सापडण्याइतका आनंद दुसरा नाही, आणि ती आपली असली तरी तो पुरता जात नाही. मी लगेच डेटाबेसमधल्या नोंदी आणि पानावर दिसत असलेल्या नोंदी समोरासमोर लावल्या. सोजरबाई एकट्या नव्हत्या. शंभरावर नोंदी अशाच उठवल्या गेल्या होत्या, सगळ्या आडसालीच्या, सगळ्या वरल्या अंगाच्या. बाकीचे लोक गप्प का होते? त्यांना वाटलं होतं की कॉम्प्युटरनं दोन्ही उसांची मिळून एक पाळी धरली असेल. कॉम्प्युटरपुढं कोण बोलणार? ऊस खांद्यावर घेऊन आली ती ही एकच बाई.

मी जगताप साहेबांना फोन लावला. सोजरबाई समोरच बसल्या होत्या.

"साहेब, चूक माझी आहे. त्या पहिल्यापासून खरं सांगत होत्या. आणि असे शंभरावर आहेत."

पलीकडं कारखान्याच्या गव्हाणीचा, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्याचा, खडखडाट चालला होता.

"मॅडम, गुपचूप घाला आत," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणाला कळणार नाही."

"कळेल साहेब. लोकांना भावकीचा नंबर पाठ आहे."

"मग शेवटाला घाला."

"शेवटाला घातले तर त्यांचा ऊस वाळतो. वर घातले तर खालचे म्हणणार की वशिला लागला. वरच घालायचे, आणि का घातले ते लिहायचं."

"काय लिहिणार?"

"खरं लिहिणार."

त्यांनी अध्यक्षांना विचारलं, अर्ध्या तासानं होकार आला. मी यादीच्या डोक्यावर मजकूर टाकला: 'खालील नोंदी वेबसाइट बनवणाऱ्या बाईच्या चुकीमुळे यादीतून गळल्या होत्या. लागणीच्या तारखेप्रमाणे त्या आपल्या जागी घेतल्या आहेत. शंका असल्यास फोन करा.' खाली माझं नाव आणि ऑफिसचा नंबर टाकला. सोजरबाईंनी तो मजकूर बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "तुझी नोकरी जाईल का गं?"

"बघू," मी म्हणाले.

"गेली तर आमच्याकडं ये. खुरपायला बाया भेटत न्हायत."

पुढचे चार दिवस फोन थांबला नाही. लोकांनी मला जे ऐकवलं त्यातलं निम्मं दिवाळी अंकात छापता येणार नाही. एकजण म्हणाला, "बाई, तुमच्यापायी मी अकरा नंबर खाली गेलो."

"माफ करा दादा."

"माफीचं ऱ्हाऊ द्या. तुमी खरं लिवलं म्हणून फोन करून शिव्या देतोय. न्हायतर आमी लोकं घिऊन कारखान्यावर गेलो असतो."

मी त्याला धन्यवाद दिले. त्याला ते जरा विचित्र वाटलं असावं, कारण त्यानं फोन ठेवून दिला.

सोजरबाईंच्या रानात टोळी आली त्या सकाळी मी गेले. कोयत्यांचा सपसप आवाज चालू होता. तुटलेल्या उसाचा ओला गोडसर वास येत होता. एका पंधरवड्यापूर्वी हे दृश्य बघून मी नाचले असते. सोजरबाईंनी एक ऊस उचलला, गुडघ्यावर मोडला आणि मधला भाग मला दाखवला. आत कापसासारखी पांढरी रेघ होती.

"पोकळ पडाया लागलाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळं मला जास्त लागलं. सतरा महिने तिनं त्या उसाला पाणी दिलं होतं. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला तेव्हा खोडव्याचं पाणी तोडून याला दिलं होतं, असं तिनंच सांगितलं. दहा दिवसांनी जेव्हा दुसरा फोन आला होता, तेव्हा मी फक्त तिच्या मोबाइलवर काय दिसतंय ते विचारलं असतं, तर हा ऊस भरलेला गेला असता. ती खंत मला आहे आणि राहील. मग तिनं त्याच उसाचं बूड सोलून माझ्या हातात दिलं. "बुडखा गोड हाय. खा." मी तिथं बांधावर उभी राहून खाल्लं.

माझी नोकरी गेली नाही. कारखान्याचं कामही गेलं नाही, उलट दुसऱ्या हंगामात आणखी वाढलं. आमच्या कोडमध्ये तेव्हापासून एक फंक्शन आहे, त्याचं नाव सोजरबाई. कुठलीही यादी लोकांपुढं जाण्याआधी ते धावतं. कोठारातल्या वेगवेगळ्या नोंदी मोजतं, पानावरच्या नोंदी मोजतं, आणि एक जरी कमी भरली तर पान बाहेर जाऊ देत नाही. नव्यानं कामाला लागलेल्या मुली पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "मॅडम, हे सोजरबाई म्हणजे कशाचं संक्षिप्त रूप आहे?" मी त्यांना समोर बसवते आणि चादरीपासून सुरुवात करते. माझ्या बोलण्याचा वेग वाढतो, हातवारे सुरू होतात, आणि जुने लोक आपापल्या कपांवर हात ठेवतात.

दर हंगामाला गव्हाणीत पहिली मोळी पडली की सोजरबाईंचा फोन येतो. त्यांना यादी स्वतःला बघता येते, माझ्यापेक्षा चांगली बघता येते. तरी फोन येतोच.

यंदाही आला. मी एका मोठ्या ढिगात मान खुपसून बसले होते.

"पोरी, यादीत मी कितींदा हाय?"

"दोनदा, मावशी," मी मान वर न करता म्हणाले.

"बघून सांगतीस का आठवून?"

मी हातातलं सोडलं. डेटाबेस नाही, यादीचं पान उघडलं, तिच्या मोबाइलवर दिसतं ते. गावाचं नाव टाकलं, तिचं नाव टाकलं. तोच एक गट नंबर, आणि त्याच्यापुढं एकाखाली एक तीन पाळ्या.

"तीनदा मावशी. तीनदा आहात."

"व्हय," ती म्हणाली. "ईरीच्या मागं पडीक व्हतं, तितं मागल्या साली नवी लागण केलीया."

मी टेबलावर थाप मारली, कप सांडला. पान बरोबर होतं. चुकले होते ती मीच.